बाकी एक

साहेब म्हणाले, तोंडं बघत बसू नका.
पांघरुणं ओढू नका, उगाच शिव्या खाल.
पाय मोजा. दोननं भागा.

मग मी, पाळेकर आणि टॉर्च धरायला एक शिपाई,
रात्री अकरा ते पावणेतीन
वस्त्रांतरगृहाच्या पायऱ्या, भाजीबाजाराचे रिकामे ओटे,
पुलाखालची ओल, मेळा स्टँडची मागची भिंत,
पाय मोजत.

डिसेंबरचा तिसरा आठवडा. निफाड पाच पूर्णांक दोन.
पेपरात पहिल्याच पानावर बागेतल्या शेकोट्या,
मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर जागलेला बागायतदार.
तोच पेपर एकानं पावलांना गुंडाळून
वर सुतळी बांधली होती.
तेही दोन धरले.

टाचा. भेगा. एका अंगठ्यावर अर्धं उडालेलं लाल नेलपॉलिश.
एक जोडी झोपेतही चपला घालून,
पाळेकर म्हणाला, हा शहाणा.
एक पाऊल उजेडानं दचकून आत गेलं,
ते पुन्हा बाहेर येईपर्यंत
आम्ही थांबलो.

एकूण दोनशे तेरा.

दोननं भागलं. एकशे सहा, बाकी एक.
मोबाइलवर भागून पाहिलं. मोबाइल म्हणाला साडे.
पाळेकर म्हणाला, लिही एकशे सात, कोण बघतंय.
साहेब म्हणाले, वाढवून लिहायचं नाही, ऑडिट असतं.
अहवालात गेलं : एकशे सहा, अंदाजे.

महासभेत विषय क्रमांक एकशे एकोणनव्वद,
‘थंडीच्या कालावधीत एकट्या प्रौढ बेघर व्यक्तींकरिता
तात्पुरता रात्रनिवारा सुरू करणेबाबत’,
चार वाजून दहा मिनिटांनी निघाला, वडापाव येऊन गेल्यावर.
मी मागच्या रांगेत, फाईल मांडीवर,
कुणी आकडा विचारला तर सांगायला.

तुंगार म्हणाले, बाई असती, लेकरू असतं, तर गोष्ट वेगळी.
सडाफटिंग माणूस, हातपाय धड,
त्याला महापालिकेनं छप्पर कशाला द्यायचं?
(हातपाय धड. मी फाईल उघडून परत मिटली.)
कुणी म्हणालं, आज शंभर आहेत,
उद्या भुसावळच्या गाडीनं हजार उतरतील.
कुणी म्हणालं, जरूर द्या, फक्त आमच्या प्रभागात शाळा आहे.
दुसऱ्याच्या प्रभागात मंदिर होतं.
तिसऱ्याच्या प्रभागात नवी स्कीम होती, तो काही बोलला नाही.

त्रिवेणीताई काकुळते उठल्या.
माइक बंद होता, तशाच बोलल्या,
तपोवनात साधुग्राम उभारतो आपण,
तंबू, नळ, संडास, हायमास्ट.
ते काय बायकापोरं घेऊन येतात?

सभागृह हसलं. मग गप्प झालं. मग चिडलं.
वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात आलं,
म्हणून इथे लिहिलंय.

विषय तहकूब. पुढची सभा फेब्रुवारीअखेर.
तोवर थंडी स्वतःच निकाली निघते.

घरी जाताना घाटावर उतरले.
त्या बाकी राहिलेल्या एकाला बघायचं होतं, बस.
वरून तिसऱ्या पायरीवर सापडला :
दगू बेंडकुळे, डावा पाय साखरेनं नेलेला,
सिव्हिलमध्ये, दोन वर्षांपूर्वी.
मी म्हटलं, काका, तुम्ही आमच्या हिशेबात अर्धे आलात.

तो म्हणाला, मी नाही बाई.
त्या रात्री मी बसूनच होतो. आडवं झालं की हाडं वाजतात.
टॉर्च घेऊन तुम्ही समोरून गेलात की.
पलीकडे आणखी चार-पाच बसले होते.

मग तो पाय कुणाचा?
असेल कुणाचा तरी. बघा शोधून.

बसलेल्यांना आम्ही मोजलंच नव्हतं.

त्यानं गोणपाटाचा कोपरा माझ्याकडे सरकवला.
दगड गार आहे, म्हणाला, यावर बसा.
मी बसले.
पाय पोटाशी घेतले.